विंडोची सावली: कंपोझिटर असताना आणि नसताना

माझा टिपणवहीचा छोटा प्रोग्राम ताईच्या जुन्या लॅपटॉपवर पहिल्यांदा उघडला, तेव्हा विंडोभोवती जाड काळी पट्टी आली. डाव्या-उजव्या बाजूला २६ पिक्सेल, वर २३, खाली २९. ताईने विचारलं, "अगं, ही काळी चौकट तू मुद्दाम ठेवलीस का?" माझ्या मशीनवर त्याच जागी मऊ, धुरकट सावली होती.

घाईत मी सावली काढूनच टाकली आणि तिला नवी आवृत्ती दिली. आठवड्याने ती म्हणाली, "चौकट गेली ते बरं झालं, पण आता दोन टिपणं एकावर एक उघडली की कुठलं वर आहे तेच कळत नाही. काल अर्धं पान भलत्याच टिपणात लिहिलं मी." पांढऱ्या विंडोवर पांढरी विंडो, मध्ये काहीच नाही. तेव्हा मला पटलं की सावली ही शोभा नव्हे. कोणती विंडो वर आहे आणि तिची कड कुठे संपते, हे डोळ्यांना न वाचता सांगण्याचं काम ती करते. कंपोझिटर (सगळ्या विंडोंची चित्रं मिसळून पडद्यावर उतरवणारा प्रोग्राम) असो वा नसो, ते काम कुणीतरी केलंच पाहिजे.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर ते काम दोन्ही परिस्थितींत नीट कसं करायचं, ते इथे मांडते आहे. स्वतः विंडो काढणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी बराचसा भाग आहे. ज्यांना फक्त डेस्कटॉपवरच्या सावल्या नीट लावायच्या आहेत त्यांनी 'सावली कोण काढणार?' यातला, पिकॉम या कंपोझिटरचा भाग आधी वाचला तरी चालेल. नावं मी तोंडाने उच्चारते तशी लिहिली आहेत. प्रॉपर्टींची (विंडोला जोडलेल्या माहितीची) नावं टर्मिनलात टाकताना रोमन कॅपिटल अक्षरांत लिहायची, शब्दांच्या मधे आणि सुरुवातीला अंडरस्कोर द्यायचा.

काळी पट्टी येते कुठून

एक्स म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था, एक्स विंडो सिस्टिम. कंपोझिटिंग नसलेल्या एक्सवर पडद्याचा प्रत्येक पिक्सेल एका वेळी एकाच विंडोच्या मालकीचा असतो. वरची विंडो जेवढा भाग झाकते, तेवढ्या भागात खालच्या विंडोचं चित्र कुठेच साठवलेलं नसतं. वरची विंडो बाजूला सरकली की सर्व्हर खालच्या विंडोला 'एक्स्पोज' इव्हेंट पाठवतो आणि तो भाग तिने पुन्हा रंगवायचा. आता सावली म्हणजे काय? खालचा रंग आणि काळा यांचं मिश्रण. खालचा रंगच हाताशी नसेल तर मिसळणार कशात?

ही अडचण सोडवणारे भाग २००४ साली एक्स.ऑर्ग ६.८ मधून आले: कंपोझिट, डॅमेज आणि एक्सफिक्सेस ही तीन एक्स्टेन्शन्स. कंपोझिट प्रत्येक विंडोचं चित्र पडद्यावर न काढता बाजूच्या पिक्समॅपमध्ये, म्हणजे मेमरीतल्या चित्रात, वळवतं. कुठल्या विंडोचा कुठला भाग बदलला ते डॅमेज कळवतं. मग कंपोझिटर नावाचा एक प्रोग्राम ही सगळी चित्रं खालून वर एकावर एक मिसळत पडद्यावर उतरवतो. कीथ पॅकार्ड यांचा एक्सकॉम्पएमजीआर हा त्याचा नमुना होता. कॉम्प्टन त्यातून वाढत गेला आणि २०१९ पासून त्याची पुढची वाटचाल पिकॉम या नावाने चालू आहे. त्यामुळे पिकॉमच्या सेटिंग्जमध्ये एक्सकॉम्पएमजीआरचे मूळ आकडे अजून दिसतात: त्रिज्या १२, गडदपणा ०.७५, ऑफसेट उणे १५.

काळ्या पट्टीचं कारण इथेच आहे. माझी विंडो ३२ बिटांची होती: लाल, हिरवा, निळा आणि चौथा अल्फा, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक आहे ते. सावलीच्या पिक्सेलमध्ये रंग आधीच अल्फाने गुणून ठेवायचे असतात, ज्याला प्रीमल्टिप्लाइड अल्फा म्हणतात. काळा रंग कितीनेही गुणला तरी शून्यच. म्हणजे दाट सावली असो, विरळ असो की पूर्ण पारदर्शक कोपरा असो, सगळीकडे रंगाचे तिन्ही आकडे शून्यच असतात आणि फरक फक्त अल्फात असतो. कंपोझिटर नसला की अल्फा वाचणारं कुणी उरत नाही आणि शून्य-शून्य-शून्य म्हणजे शुद्ध काळा पडद्यावर उतरतो. म्हणून ताईच्या पडद्यावर सावलीचा चढउतारही दिसला नाही, एकसारखी काळी पट्टीच दिसली.

आधी विचारा: कंपोझिटर आहे का?

३२ बिटांचं व्हिज्युअल (पिक्सेलचे रंग साठवण्याची पद्धत) मिळालं म्हणजे कंपोझिटर चालू आहे, असं धरून चालू नका. मी तीच चूक केली होती. ते व्हिज्युअल सर्व्हर देतो आणि कंपोझिटर चालू नसला तरी देतो.

खरी खूण एका सिलेक्शनची आहे. सिलेक्शन म्हणजे एका वेळी एकाच प्रोग्रामला स्वतःकडे घेता येणारं नाव. चालू असलेला कंपोझिटर 'नेट डब्ल्यूएम सीएम एस' आणि त्यापुढे स्क्रीनचा क्रमांक, या नावाचं सिलेक्शन स्वतःकडे घेतो. पहिल्या स्क्रीनसाठी शेवट 'एस०' असा होतो. 'एक्स गेट सिलेक्शन ओनर'ला हे नाव द्या. उत्तरात एखादी विंडो आली तर कंपोझिटर आहे, 'नन' आलं तर नाही. जीटीके ३ या विंडो-बटणं बनवायच्या लायब्ररीत हेच काम 'जीडीके स्क्रीन इज कंपोझिटेड' करतं आणि बदल झाला की 'कंपोझिटेड चेंज्ड' हा सिग्नल येतो.

एकदा विचारून भागत नाही. लोक खेळ सुरू करताना किंवा बॅटरी वाचवायला कंपोझिटर मधेच बंद करतात. म्हणून एक्सफिक्सेसमधून त्या सिलेक्शनच्या मालकीवर लक्ष ठेवा आणि मालक बदलला की सावलीचा निर्णय नव्याने घ्या.

एक मर्यादा सुरुवातीलाच लक्षात ठेवा. विंडो एकदा तयार झाली की तिची डेप्थ, म्हणजे पिक्सेलमागे किती बिट, बदलता येत नाही. माझा नियम असा: ३२ बिटांचं व्हिज्युअल मिळत असेल तर विंडो नेहमी त्यावरच बनवायची, आणि सावलीसाठी भोवती जागा सोडायची की नाही एवढंच कंपोझिटरवरून ठरवायचं. कंपोझिटर गेला तर मार्जिन शून्य, कोपरे चौकोनी, सगळे पिक्सेल अपारदर्शक. आला तर मार्जिन परत. विंडो नव्याने बनवावी लागत नाही.

३२ बिटांची विंडो बनवताना कलरमॅप आणि बॉर्डर पिक्सेल हे दोन्ही स्वतः द्या. मूळ विंडो (सगळ्यात खालची, पूर्ण पडद्याची) साधारणतः २४ बिटांची असते. हे दोन्ही दिले नाहीत तर ते तिच्याकडून घेतले जातात, जुळत नाहीत, आणि 'बॅड मॅच' येऊन प्रोग्राम कोसळतो. त्रुटीच्या संदेशावरून हे कारण काही लक्षात येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

सावली कोण काढणार?

कंपोझिटर असेल तर तीन ठिकाणी सावली निघू शकते. पिकॉम किंवा एक्सएफडब्ल्यूएम४ (एक्सएफसीई डेस्कटॉपचा विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोंची जागा आणि चौकटी सांभाळणारा प्रोग्राम) सारखा कंपोझिटर स्वतः प्रत्येक विंडोखाली काढतो. केविनमध्ये, म्हणजे केडीईच्या विंडो मॅनेजरमध्ये, ती विंडोच्या सजावटीबरोबर येते. शिवाय मेनू आणि टूलटिपसाठी प्रोग्रामला 'केडीई नेट डब्ल्यूएम शॅडो' ही प्रॉपर्टी लावता येते. तीत आठ पिक्समॅप, वरच्या कडेपासून घड्याळाच्या दिशेने, आणि मग वर, उजवीकडे, खाली, डावीकडे किती जागा हवी याचे चार आकडे असतात. तिसरा मार्ग जीटीकेचा: प्रोग्राम स्वतःच्याच विंडोत, कडेच्या पारदर्शक जागेत, सावली रंगवतो.

गोंधळ होतो तो दोघांनी एकाच विंडोला सावली दिली की. जीटीकेची विंडो पिकॉमखाली उघडली की काही वेळा विंडोपासून २०-२५ पिक्सेल दूर, हवेत, दुसरी चौकोनी सावली दिसते. पिकॉमची यात चूक नाही. त्याच्या दृष्टीने विंडोची हद्द त्या पारदर्शक मार्जिनच्या बाहेरच संपते. उपाय पिकॉमच्या सेटिंग्जमध्ये, 'शॅडो एक्सक्लूड' या यादीत आहे. तिथे 'जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स' या प्रॉपर्टीचं नाव लिहून पुढे '@:सी' जोडायचं. इथे @ चा अर्थ असा की प्रॉपर्टी विंडो मॅनेजरच्या फ्रेमवर न शोधता प्रोग्रामच्या खऱ्या विंडोवर शोध. 'सी' म्हणजे ती आकड्यांची प्रॉपर्टी आहे. अट एवढीच: ही प्रॉपर्टी असेल तर सावली देऊ नकोस.

पिकॉमच्या बाकीच्या सेटिंग्ज चटकन सांगते. सावली चारही बाजूंना सारखी हवी असेल तर दोन्ही ऑफसेट त्रिज्येइतकेच पण ऋण ठेवा, म्हणजे त्रिज्या १८ असेल तर उणे १८. खाली थोडी जास्त हवी असेल तर उभा ऑफसेट शून्याकडे चार पिक्सेल सरकवा. माझ्याकडे त्रिज्या १८, आडवा उणे १८, उभा उणे १४ आणि गडदपणा ०.४ आहे. मूळचा ०.७५ मला दिवसभर काम करताना जड वाटतो. पॅनेलला सावली देऊ नका, कारण मोठी केलेली विंडो त्याला खेटून असते आणि तिच्या पहिल्या ओळीवर मळकट पट्टा पडतो. विंडोटाइप्सच्या भागात 'डॉक' (म्हणजे पॅनेल) आणि ओढताना दिसणारं 'डीएनडी' चित्र यांची सावली बंद करून टाका. एक्सएफसीईत हेच विंडो मॅनेजर ट्वीक्समधल्या कंपोझिटरच्या पानावर आहे. नेहमीच्या विंडो, पॉपअप आणि डॉक यांना तिथे वेगवेगळ्या चौकोनांत खूण करता येते.

सावली स्वतः बनवायची झाली तर

हा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा आहे. विंडोच्या आकाराचा एक आयत घ्या, आत अल्फा १, बाहेर ०. त्याला गाऊसियन ब्लर द्या (मधे जास्त वजन देऊन शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घ्या), दोन-चार पिक्सेल खाली सरकवा, हव्या त्या गडदपणाने गुणा. सावली तयार.

ब्लर करताना आयताच्या कडेवर काय होतं ते एकदा जवळून पाहा. सरळ कडेच्या मधोमध उभे राहिलात तर ब्लरचं निम्मं वजन आत पडतं, निम्मं बाहेर. म्हणजे तिथली किंमत बरोबर अर्धी. कोपऱ्याच्या टोकावर चारपैकी एकच चतुर्थांश आत असतो, म्हणून तिथे पाव. आता गडदपणा ०.५ धरा आणि मागे २४० चा (० काळा, २५५ पांढरा) फिकट राखाडी रंग आहे असं समजा. कडेवर अल्फा ०.२५ होतो आणि रंग २४० चा १८० होतो. कोपऱ्यावर अल्फा ०.१२५, रंग २१०. सावली कोपऱ्यांवर आपोआप विरळ होते. सावली हाताने रंगवणारे लोक कडेची पट्टी तशीच कोपऱ्यापर्यंत नेतात आणि मग ती सावली न वाटता चौकट वाटते. फरक या अर्ध्या-पाव हिशेबाचाच असतो.

साध्या चौकोनी विंडोसाठी खरं तर चित्र ब्लर करायचीही गरज नाही. आयताचा गाऊसियन ब्लर म्हणजे आडव्या आणि उभ्या दिशेच्या दोन किमतींचा गुणाकार, आणि ती प्रत्येक किंमत एरर फंक्शनवरून, म्हणजे सी मधल्या 'ईआरएफ'वरून थेट मिळते. गोल कोपरे असतील तर मात्र खरा ब्लर लागतो. तोही दोन फेऱ्यांत करा, आधी आडवा, मग उभा. त्रिज्या १२ असेल तर कर्नल, म्हणजे सरासरीत धरलेली रुंदी, २५ पिक्सेलांचा. एकाच फेरीत केलात तर प्रत्येक पिक्सेलमागे ६२५ गुणाकार, दोन फेऱ्यांत ५०. याहून वेग हवा असेल तर साधा सरासरीचा बॉक्स ब्लर तीनदा द्या. परिणाम गाऊसियनच्या इतका जवळ जातो की डोळ्यांना फरक कळत नाही, आणि चालती बेरीज ठेवली तर त्रिज्या वाढवूनही खर्च वाढत नाही.

मार्जिन किती सोडायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. गाऊसियनचा सिग्मा (ब्लर किती पसरतो त्याचं माप) धरून मोजा. सीएसएसच्या बॉक्स शॅडोत दिलेला ब्लरचा आकडा सिग्माच्या दुप्पट असतो, तिथून आकडे उचलत असाल तर आधी निम्मे करा. कडेपासून दोन सिग्मा अंतरावर सावली अजून साधारण २.३ टक्के शिल्लक असते. गडदपणा ०.५ असेल तर २५५ च्या मोजपट्टीवर हे जवळजवळ ३. तिथेच कापलीत तर पांढऱ्या पानावर २५२ च्या शेजारी एकदम २५५ येतो आणि निरखून पाहणाऱ्याला बारीक रेघ दिसते. तीन सिग्मावर उरतं ०.१४ टक्क्यांहून कमी, ते गोल करताना शून्यच होतं. म्हणून तीन सिग्मा. सावली जेवढी खाली सरकवली तेवढे पिक्सेल वरून कमी करा आणि खाली वाढवा.

ताईच्या पडद्यावरचे आकडे आठवा: बाजूंना २६, वर २३, खाली २९. ते मी जीटीकेच्या एका विंडोवर एक्सप्रॉप (प्रॉपर्टी दाखवणारी कमांड) चालवून उचलले होते. आता ते आकडे स्वतःच बोलतात. सावलीची पोहोच २६ आणि ती ३ पिक्सेल खाली सरकवलेली.

प्रत्येक वेळी आकार बदलला की पूर्ण सावली नव्याने काढत बसू नका. चार कोपरे आणि चार कडा असे आठ तुकडे एकदाच बनवा. कोपरे जसेच्या तसे ठेवायचे, कडा फक्त ताणायच्या. इथे एक खाच आहे. विंडो दोन कोपऱ्यांच्या बेरजेपेक्षा लहान असली, उदाहरणार्थ एका ओळीची टूलटिप, तर कोपऱ्यांचे तुकडे एकमेकांवर चढतात आणि मधे काळा डाग पडतो. तेवढ्या लहान विंडोची सावली वेगळी मोजा. आणि विंडो अर्धपारदर्शक असेल तर तिच्या आतल्या भागातून सावली कापून टाका. नाहीतर पारदर्शक टर्मिनलचा रंग कारण नसताना मळतो.

मार्जिनबद्दल कुणाकुणाला सांगायचं

सावली विंडोच्या आतच रंगवली की विंडो दिसते त्याहून मोठी होते. ८०० बाय ६०० ची विंडो मार्जिनसह ८५२ बाय ६५२ होते, म्हणजे जवळजवळ १६ टक्के जास्त पिक्सेल. मेमरीत १.९ ऐवजी २.२ मेगाबाइट. हा खर्च मला मान्य आहे. पण ही जास्तीची जागा खरी नाही हे इतरांना सांगितलं नाही तर त्रास होतो.

पहिलं विंडो मॅनेजरला सांगा. 'जीटीके फ्रेम एक्स्टेंट्स' प्रॉपर्टीत चार आकडे डावं, उजवं, वर, खाली या क्रमाने लिहा. क्रम चुकला तर विंडो पडद्याच्या कडेला चिकटवताना एका बाजूला फट राहते आणि दुसऱ्या बाजूला कड पडद्याबाहेर जाते. २६, २६, २३, २९ मध्ये वर आणि डावं यांची अदलाबदल झाली तर फरक तीनच पिक्सेलचा असतो, पण तो रोज डोळ्यांत सलतो. स्केल २ असलेल्या पडद्यावर हे आकडे दुप्पट करायला विसरू नका.

दुसरं माउसला सांगा. सावलीवर केलेली क्लिक खालच्या विंडोला पोहोचली पाहिजे. त्यासाठी शेप एक्स्टेन्शनचा (विंडोला चौकोनाहून वेगळा आकार देणाऱ्या एक्सच्या भागाचा) इनपुट शेप खऱ्या विंडोपुरता मर्यादित करा. आकार बदलायला कड पकडता यावी म्हणून मी बाहेर आठ पिक्सेल जास्त ठेवते. आठहून कमी ठेवले तर ताईला कड सापडत नाही, हे तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे.

तिसरं, विंडो मोठी केली, पूर्ण पडदाभर केली किंवा पडद्याच्या अर्ध्यात बसवली, की ज्या बाजू पडद्याला किंवा शेजारच्या विंडोला टेकतात तिथली सावली काढा आणि प्रॉपर्टीतले आकडेही त्याच वेळी बदला. एक बदलून दुसरं राहिलं तर विंडो क्षणभर उडी मारते.

वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेत, 'कंपोझिटर नसेल तर' हा प्रश्नच येत नाही, तिथे कंपोझिटरशिवाय काही चालतच नाही. बाकी हिशेब तोच, नावं वेगळी. खरी हद्द 'सेट विंडो जॉमेट्री'ने सांगायची, क्लिकची जागा 'सेट इनपुट रीजन'ने, आणि कुठला भाग पूर्ण अपारदर्शक आहे ते 'सेट ओपेक रीजन'ने. शेवटचं विसरलात तर दिसायला काही बिघडत नाही, पण कंपोझिटर विंडोमागचं सगळं उगाच रंगवत बसतो.

कंपोझिटर नसताना

आता ताईच्या लॅपटॉपकडे. तो इतका जुना आहे की कंपोझिटिंग चालू केलं की टाइप केलेली अक्षरं मागे पडतात, म्हणून ते बंदच असतं. अशा मशीनवर मी चार मार्ग करून पाहिले.

पहिला, सावलीच्या पट्ट्या म्हणून दोन वेगळ्या विंडो. उजवीकडे आणि खाली चार-चार पिक्सेल रुंद, गडद रंगाच्या, ओव्हरराइड रिडायरेक्ट लावलेल्या, म्हणजे विंडो मॅनेजरने त्यांच्याकडे लक्ष देऊ नये म्हणून. कागदावर सोपं वाटतं. पण या पट्ट्या तुमच्या विंडोच्या अगदी खालच्या थरात ठेवायला गेलात की 'बॅड मॅच' येतो. कारण तुमची विंडो आता मूळ विंडोची थेट लेक राहिलेली नसते. विंडो मॅनेजरने तिला स्वतःच्या फ्रेममध्ये घातलेलं असतं, आणि थर ठरवताना दोन्ही विंडो एकाच पालकाच्या असाव्या लागतात. मग 'एक्स क्वेरी ट्री'ने वर चढत जाऊन फ्रेम शोधायची आणि पट्टी तिच्याखाली लावायची. एवढं करूनही विंडो ओढताना पट्ट्या मागून धावत येतात. हे काम विंडो मॅनेजरचं आहे, साध्या प्रोग्रामने त्यात पडू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसरा, शेप एक्स्टेन्शनने बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी: एक पिक्सेल काळा, एक रिकामा. लांबून अर्धी सावली वाटते. पण शेपला अर्धपारदर्शक काही कळत नाही, प्रत्येक पिक्सेल आहे किंवा नाही. ६०० उंच आणि ८ रुंद पट्टीची जाळी म्हणजे २४०० सुटे चौकोन, आणि विंडो हलली की सर्व्हरला ते सगळे पुन्हा तपासावे लागतात. जुन्या मशीनसाठीच तर हे चाललंय, तिथेच ते सगळ्यात जड पडतं. हा मार्ग घेऊ नका.

तिसरा फक्त मेनूसाठी, आणि तिथे तो खरंच छान चालतो. मेनू दाखवण्याआधी त्याच्या उजव्या आणि खालच्या पट्टीच्या जागी पडद्यावर जे आहे ते 'एक्स गेट इमेज'ने मूळ विंडोवरून उचला. त्याचे रंग सावलीच्या अल्फाने गडद करा: २४० चा १८०, वर मोजला तसाच. मग ते चित्र मेनूच्याच विंडोच्या कडेला रंगवा. खरीखुरी मऊ सावली दिसते. अट एवढीच की मागचं चित्र तेवढ्यात बदलू नये. मागे व्हिडिओ चालू असेल तर पट्टीत तो गोठलेला दिसतो. मेनू दोन-तीन सेकंद टिकतो, म्हणून चालतं. तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या विंडोला हे मुळीच लावू नका.

चौथा मार्ग साधी रेघ. मी तोच ठेवला आहे आणि मनापासून तोच सुचवते. सावलीचं काम दोन गोष्टींचं, कड दाखवणं आणि वर कोण ते सांगणं, आणि दोन्ही रेघेने होतं, फक्त ती विचार करून काढायला हवी. माझ्या विंडोचा रंग २५० आहे. भोवती एक पिक्सेलची रेघ, चालू विंडोला ९० ची आणि मागच्या विंडोला १६० ची. खालच्या आणि उजव्या बाजूला तिच्या आत आणखी एक पिक्सेल, २०० चा. प्रकाश वरून-डावीकडून येतो अशी डोळ्यांची सवय त्या एका पिक्सेलने भागते. चारही बाजूंना दोन पिक्सेल करून पाहिले, तेव्हा विंडो दाबलेल्या बटणासारखी दिसू लागली. शुद्ध काळी रेघ करून पाहिली, तेव्हा अक्षरांपेक्षा रेघच आधी दिसायला लागली. पार्श्वभूमी गडद असेल तर उलट करा, विंडोपेक्षा उजळ रेघ काढा, कारण गडदावर गडद रेघ हरवते. गोल कोपरेही या वेळी सोडून द्या. शेपने कापलेला कोपरा जिन्यासारखा दातेरी दिसतो.

तपासून पाहा

प्रोग्राम चालू ठेवून कंपोझिटर बंद करा आणि पुन्हा सुरू करा. एक्सवरच्या केविनमध्ये ऑल्ट, शिफ्ट आणि एफ१२ एकत्र दाबलं की होतं. एक्सएफसीईत कंपोझिटरच्या पानावरचा पहिला चौकोन, पिकॉम असेल तर सरळ प्रोसेस थांबवा. बंद करताच काळी पट्टी क्षणभरही दिसता कामा नये. एक्सप्रॉपने विंडोवर क्लिक करून पाहा: माझ्याकडे चालू असताना २६, २६, २३, २९ आणि बंद असताना चार शून्यं येतात. विंडो मोठी करून, पुन्हा लहान करून, पडद्याच्या डाव्या कडेला चिकटवून पाहा. दोन विंडो एकमेकींवर अर्ध्या ठेवा आणि सावलीच्या जागी क्लिक करा, क्लिक खालच्या विंडोला गेली पाहिजे.

मग दोन्ही विंडो पांढऱ्या करा आणि दोन पावलं मागे जाऊन बघा. ताईकडे मी हे शेवटचं तपासलं तेव्हा तिने तीन टिपणं एकावर एक टाकली, चष्मा न लावता वरच्या टिपणावर बोट ठेवलं आणि लिहायला लागली.